केसांतला गंधक

आई, परवा मी तुझ्या नवऱ्याला मारलं. ‘बाबांना मारलं’ असं लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. चारचौघांत मी त्याला ‘ते’ म्हणते, बिल्डिंगमधल्या बायका विचारतात तेव्हा ‘बाबांची तब्येत बरी आहे’ म्हणते. तुझ्यासमोर हे नाटक कशाला? थोबाडीत मारली, भरदुपारी, ताटावर बसलेला असताना. वरणाची वाटी उडाली आणि भिंतीवर पिवळा ओघळ आला, तो मी अजून पुसलेला नाही. तुझ्या फोटोशी बोलायची मला सवय नाही, पत्र लिहायची तर त्याहून नाही. पण हे सांगायला माझ्याकडे दुसरं माणूस नाही. शिवाय त्या माणसाच्या वाटची थोबाडीत तू एकदा माझ्या गालावर वाजवली होतीस, त्याबद्दलही आपलं कधी बोलणं झालं नाही.

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. मधलं तुला काहीच ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. मी घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त मशीनला पाजायचं, मग त्यातलं युरिया, प्रथिनं, लोह सगळं कागदावर छापून येतं. राहते नाहूरला, मी आणि माझी लेक. लेकीच्या बापाने एकदा हात उगारला होता. दुसऱ्यांदा उगारायला तो घरात नव्हता. लेक यंदा बारावीला आहे, सायन्सला, आणि केस थेट तुझे, दाट, राठ, कंगव्याला न जुमानणारे. तुझा नवरा मुलुंडच्या आपल्या खोलीत एकटाच राहायचा. मी सणावाराला डबा द्यायला जायचे, उंबऱ्याच्या आत बसायचे नाही. मग तो गॅस चालू ठेवून फिरायला जायला लागला. शेजारच्या मालवणी काकूंचा फोन आला, "बाय, तुझ्या बापाशीक घेवन जा गो, नायतर हो आमका सगळ्यांका जाळीत." घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे, आता वाढतच जाणार. मला हसू आलं. सगळं करून झाल्यावर विसरायचा आजार बरा जडतो एखाद्याला.

परवा रविवार होता. लेकीने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि वाकली तेव्हा तिची वेणी पुढे आली. त्याने ती मनगटाला गुंडाळली, तुझी गुंडाळायचा तशीच, आणि खाली ओढली. लेक किंचाळली. हा माणूस, ज्याला सकाळी चहा प्यायला की नाही ते आठवत नाही, ज्याला तुझं नाव विचारलं की भिंतीकडे बघत बसतो, तो दात खाऊन म्हणाला, "फार शिकलीस?" तुझं नाव विसरला, आई, पण हात विसरला नाही. मी ओट्यापासून त्याच्यापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही.

"फार शिकलीस?" तू गेल्यानंतर हे पहिल्यांदाच माझ्या कानावर पडलं. आणि तुला शिकवलं कोणी, तर त्यानेच. अकोल्याकडच्या गावातून तू बारावी होऊन लग्न करून आलीस, तेव्हा कॉलेजात नाव घालायला तोच तुला घेऊन गेला होता. कंपनीत रात्रपाळी मागून घेतली आणि दिवसा मला कडेवर घेऊन तुझ्या कॉलेजच्या फाटकाबाहेर उभा राहायचा. तू एम.एस्सी. झालीस तेव्हा त्याने अख्ख्या चाळीत पेढे वाटले. जयंतीला विहारासमोरच्या मंडपात माईक घेऊन मुलींच्या शिक्षणावर बोलायचा आणि चांगलं बोलायचा, बायका डोळे पुसायच्या. मग तू घाटकोपरच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागलीस आणि लोक त्याला ‘मॅडमचे मिस्टर’ म्हणायला लागले. तेवढ्यावर बिनसलं. दारूच्या थेंबाला शिवायचा नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना कारण सापडायचं नाही. पूर्ण शुद्धीत मारायचा.

आणि मार खाऊन झाला की तू शिकवायचीस. हे मी कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. ओठ फुटून ब्लाउजवर रक्त सांडलं की तू तो गार पाण्यात टाकायचीस आणि मला म्हणायचीस, "गरम पाणी नाही वापरायचं. रक्तात प्रथिनं असतात, गरम पाण्याने ती शिजतात, मग डाग हटत नाही." आवाज वर्गातला. एक डोळा सुजून बंद झालेला, आणि उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत विचारायचीस, "प्रथिनांत काय काय असतं?" मी हुंदके देत सांगायचे, कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन. "आणि?" गंधक. "फॉस्फरस कुठे असतो?" हाडांत, दातांत, डीएनएमध्ये. एकदा तुझ्या दाढेचा टवका उडाला, तो तू धुऊन माझ्या तळहातावर ठेवलास. सहा मूलद्रव्यं आहेत, म्हणायचीस, गवत असो, झुरळ असो, माणूस असो, सगळा जीव मुख्यतः या सहांतूनच बांधलेला. बाकीची लागतील तशी थोडी थोडी. मला वाटायचं तुझं डोकं फिरलंय. आता वाटतं, त्या घरात त्याला न कळणारी भाषा तेवढी एकच होती आणि तू मला ओढून त्या भाषेत नेऊन बसवत होतीस. पण मला भाषा नको होती. मला तुझ्या हातात वरवंटा बघायचा होता.

मी बारावीला होते तेव्हाचा तो दिवस. आमच्या कॉलेजात सोडियमची चाचणी लांबून दाखवून संपवली होती, म्हणून तू स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मला ती समजावत होतीस. एखाद्या पदार्थात नायट्रोजन आहे का, गंधक आहे का, हे शोधायचं तर तो सोडियमबरोबर काचेच्या बारीक नळीत घालून लालबुंद होईपर्यंत तापवायचा आणि ती तापलेली नळी तशीच पाण्यात बुडवून फोडायची. "नीट विचारून तो काही सांगत नाही," म्हणालीस. बोलण्याच्या नादात डाळ लागली. धुराचा वास बाहेरच्या खोलीत गेला आणि तो आत आला. "फार शिकलीस?" वेणी मनगटाला गुंडाळली आणि तुला स्टुलावरून खेचलं. ओट्याच्या कोपऱ्यावर तुझं डोकं आपटलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो, कुठेही, बँकेत, रिक्षात. त्याने केसांनीच तुला परत वर ओढलं आणि केसांचा झुपका मुळासकट त्याच्या हातात आला. मुळांना रक्त होतं. त्याने झुपक्याकडे बघितलं, तो मोरीत टाकला, हात बनियनला पुसला आणि पाटावर बसून म्हणाला, "वाढ." तू वाढलंस, आई. कपाळावरून रक्त गळत असताना त्याला भाकरी वाढलीस. काकू दारात आल्या, "शिकलेला बायलमाणूस मा गो तू? मगे कित्याक सोसतंस?" तू पदर डोक्यावर घेऊन म्हणालीस, "काही नाही काकू. डाळ लागली."

त्यानंतरच्या रविवारी तो दुपारी मंडळाच्या मीटिंगला गेला. तू पर्समधून कॉलेजातल्या वस्तू काढल्यास: रॉकेलमध्ये बुडवलेल्या सोडियमची छोटी बाटली, काचेच्या नळ्या, चिमटा, स्पिरिटचा दिवा, द्रावणांच्या दोन बाटल्या. आणि कपाटातून कागदाची एक पुडी. पुडीत तुझेच केस होते. मोरीतून कधी उचललेस, कधी धुऊन वाळवलेस, मला पत्ताही नव्हता. "सॅम्पल," म्हणालीस. तुझ्या डोक्याला पट्टी, आणि तू सुरीने सोडियमचा तुकडा पनीर कापावं तसा कापत होतीस. नळीत त्याची चकचकीत गोळी झाली, त्यावर तू केस टाकलेस, धूर आला, आणि जळक्या केसांचा तो घाण, तिखट वास घरभर पसरला. "हा गंधक," तू म्हणालीस. नळी लाल झाली, तू ती वाडग्यातल्या पाण्यात खुपसलीस, तडाक्कन फुटली. ते पाणी उकळून, गाळून त्यात लोहाचं द्रावण घातलंस. निळा रंग यायला हवा होता. लाल आला. रक्तासारखा लालभडक. मी मागे सरकले, भिंतीला लागले. तू ती परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिलीस.

"सोडियम कमी पडलं," म्हणालीस. "मी हात आखडला. केसात नायट्रोजन आणि गंधक दोन्ही असतात. सोडियम भरपूर असेल तर ते त्यांना सोडवतं. कमी पडलं की दोघं एकमेकांना धरून राहतात, मग हा असा लाल येतो."

"मग आता काय?"

"जास्त घालायचं. सोपं आहे."

पुडीतले उरलेले केस घेऊन, सोडियमचा मोठा तुकडा घालून तू सगळं पुन्हा केलंस. या वेळी निळा आला. गडद, जयंतीच्या झेंड्यांचा निळा. "आपला निळा आला बघ!" म्हणून तू हसलीस, फुटलेल्या ओठाने. दुसऱ्या नळीत दुसऱ्या बाटलीतले दोन थेंब टाकलेस, तिथे जांभळा आला. निळा नायट्रोजनचा, जांभळा गंधकाचा. मी विचारलं, "आणि त्याच्या केसांत काय निघेल?" तू नळ्या धूत धूत म्हणालीस, "हेच. निळा आणि जांभळा. दुसरं काय निघणार?" मला तुझा असा संताप आला की नळ्या फोडून टाकाव्यात. मला त्याच्यात शिसं निघायला हवं होतं, पारा निघायला हवा होता, काहीतरी जे आपल्यात नाही. आणि जास्त घातलं की सुटतं हे स्वतःच्या तोंडाने सांगणारी तू, पगार होता, डिग्री होती, अकोल्याला भाऊ होता, तू त्या खोलीतून हलली नाहीस. आज बोलते: तुला जमलं असतं गं. तू हात आखडलास.

बाटलीत सोडियमचा एक तुकडा उरला होता. मोरीत त्याच्या आंघोळीची बादली भरलेली होती. मी विचारलं, "हे पाण्यात टाकलं तर?" तू म्हणालीस, "पेट घेतं, उडतं." "तो तोंड धुवायला बादलीवर वाकलेला असताना टाकलं तर?" तू प्रश्नाचं उत्तर दिलंस, वर्गात द्यावं तसं, "डोळे जातील." मी म्हटलं, "मग टाकूया ना." तू वळलीस आणि माझ्या थोबाडीत मारलीस. कानात शिट्टी वाजली, मी मोरीच्या कठड्यावर आपटले. "परत बोललीस तर जीभ हासडून हातात देईन," तू म्हणालीस. मग उरलेलं सोडियम स्पिरिटमध्ये टाकलंस. ते बुडबुडे सोडत बारीक होत गेलं आणि संपलं, तोवर तू मला जवळ येऊ दिलं नाहीस. त्या घरात इतकी वर्षं मार पडला, आई, आणि तुझ्या हातून एकच थोबाडीत निघाली, तीसुद्धा माझ्यावर.

तुला त्याने मारलं नाही, काविळीने मारलं. याचाही मला राग आहे, कारण पोलिसात सांगण्यासारखं काही राहिलं नाही. विद्युतदाहिनीतून मडकं बाहेर आलं तेव्हा तू माझ्या डोक्यात बसून प्रश्न विचारत होतीस आणि मी उत्तरं देत होते: कार्बन गेला, हायड्रोजन गेला, नायट्रोजन, गंधक, सगळं धुराड्यातून मुलुंडच्या आभाळात गेलं, राहिला तो फॉस्फरस, हाडांतल्या कॅल्शियमला धरून. ते मडकं छातीशी कवटाळून तो धाय मोकलून रडला. लोक त्याची पाठ चोळत होते. तेच मडकं हिसकावून त्याच्या टाळक्यात घालावं, इतकंच मला वाटत होतं.

आता परवाचं खरं सांगते. वर मी ‘थोबाडीत मारली’ असं लिहिलंय, एकच मारल्यासारखं. एक नव्हती. पहिलीलाच त्याने वेणी सोडली, लेक बाजूला झाली, तिथेच संपायला हवं होतं. मी थांबले नाही. गालावर, कानावर, डोक्यावर, जिथे लागेल तिथे. तो खुर्चीत आकसला, कोपर तोंडापुढे धरून, हुबेहूब तू आकसायचीस तसा, आणि ते बघून मला दया यायला हवी होती की नाही? मला चेव आला. बरं वाटत होतं, आई. हात दुखत होता आणि बरं वाटत होतं. लेकीने मागून कमरेला मिठी मारून मला ओढलं, "मम्मी, बस! बस ना यार, मरतील ते!" मग ती जमिनीवरचा भात गोळा करायला बसली. वर न बघता म्हणाली, "पहिली माझ्यासाठी होती ना? ओके. मग बाकीच्या कोणासाठी?" तिने मान वर केली तेव्हा तिची नजर मला ओळखीची वाटली. मी त्याच्याकडे अशीच बघायचे, मोरीच्या कोपऱ्यातून.

म्हणून त्याला पाठवते आहे. बदलापूरच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे, शनिवारी त्यांची गाडी येईल. लेकीला म्हटलं, तुला धोका नको म्हणून. ती म्हणाली, "मला, की त्यांना?" खरं तर तिघांनाही. तो पुन्हा कोणाची तरी वेणी धरेल, आणि मी पुन्हा मारेन, याची मला खात्री आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे मी वाट बघेन. परवापासून त्याने पाण्याचा ग्लास उचलला तरी माझा हात शिवशिवतो. तू मला त्या दिवशी का मारलंस ते आता थोडं कळतंय. कळलं म्हणून राग गेलेला नाही.

आश्रमवाल्यांनी सांगितलं, केस बारीक करून, नखं कापून पाठवा. आज मी रजा टाकली आणि त्याला गॅलरीत स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळली. गालावर माझी बोटं उमटली आहेत, निळी आणि जांभळी. कोणी मारलं ते तो विसरलाय. मान खाली घालून मुकाट बसला होता, कात्री कानाशी आली की डोळे मिटायचा. मी त्याच्या मानेवरची उडणारी शीर बघत होते. माझा हात अजिबात कापला नाही, त्याचीच मला भीती वाटली. पांढरे केस सुपलीत भरून कचऱ्यात टाकायला निघाले आणि ओट्याजवळ थबकले. चिमूटभर केस चिमट्यात धरले, गॅस पेटवला आणि वर धरले. तू खोटं बोलली असशील, एवढंच मला बघायचं होतं. त्याचा वास निराळा येईल.

नाही आला. चर्र झालं, केसांचा काळा मणी झाला आणि वास सुटला. तोच. माझं स्वयंपाकघर एकदम मुलुंडचं झालं, तू स्टुलावर, डोक्याला पट्टी, नळी दिव्यावर धरून म्हणतेयस, "हा गंधक." तुझी एक साडी मी जपून ठेवली होती, तिचा वास केव्हाच उडाला. तुझी पावडर आता बाजारात मिळत नाही. इतक्या वर्षांत तू एकदाही घरी आली नव्हतीस, आणि आलीस ती याच्या केसांतून. मी ओट्याला धरून रडले. लेक आतून ओरडली, "मम्मी, काय जळतंय?" मी म्हटलं, "काही नाही गं. डाळ लागली."

शनिवारी तो जाईल. भिंत तेव्हाच पुसेन. एक मात्र तुला सांगायला हवं, रागावलीस तरी. बाकीचे केस मी टाकले नाहीत. मसाल्याच्या डब्यामागे ठेवणार आहे. त्याची आठवण म्हणून नाही, तू अधूनमधून यावीस म्हणून. केस थोडेच आहेत, जपून वापरेन. पुडी बांधायला हाच कागद हवा आहे, म्हणून हे इथेच थांबवते.